लाल पाटीखालचा गिअरबॉक्स

मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे. जुना म्हटलं की लोकांची नजर लगेच भंगाराच्या ढिगाकडे वळते, म्हणून आधीच सांगून ठेवतो, मी चांगला ठणठणीत आहे. लष्कराच्या एका अवजड हेलिकॉप्टरच्या शेपटीत माझी जागा असते. आत्मवृत्त जन्मापासून सांगायची रीत आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण मी माझी गोष्ट उन्हाळ्यातल्या एका साध्यासुध्या मंगळवारापासून सांगणार आहे, कारण त्या मंगळवारी काहीही विशेष घडलं नाही, आणि तसा दिवस पुन्हा आला नाही.

सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, मी एका लोखंडी घोडीवर बसलेलो असायचो. घोडी म्हणजे आमच्यासारख्या जड भागांना बसवायची चौकट. त्या दुपारी स्टोअरकीपर हातमोजे चढवून माझ्यासमोर आले. त्यांनी माझ्या शाफ्टला लांब पाना लावला, मला सावकाश पाव फेरा फिरवलं आणि नव्या जागी खडूने खूण केली. मग फडक्याने माझं अंग पुसलं. दर मंगळवारी ते हेच करत. पडून राहिलेल्या गिअरबॉक्सच्या आतलं तेल हळूहळू खाली उतरतं आणि वरचे दाते कोरडे पडतात. बेअरिंगमधले गोळे एकाच जागी भार सोसत राहिले, तर तिथे खळगे पडतात. माणूस एकाच कुशीवर फार दिवस पडून राहिला तर त्याचं जे होतं, तेच आमचंही होतं.

या स्टोअरकीपरांना सगळे ‘मालक’ म्हणत. स्टोअर सरकारचं, पण एक वॉशर द्यायचा तरी ते अशी उलटतपासणी घेत, की मागायला आलेल्याला आपण त्यांच्या घरातलं काही उचलून नेतोय असं वाटावं. त्या दिवशीही एक मेकॅनिक वॉशर मागायला आला होता.

“गेल्या आठवड्यात नेलेले काय खाल्लेस?” मालकांनी विचारलं.

“द्या हो मालक, तुमच्या खिशातून थोडेच मागतोय.”

“खिशातून मागितले असतेस तर कधीच दिले असते.”

वॉशर मिळाले, पण जुने तुटके आणून दाखवल्यावरच.

जेवणाच्या सुट्टीत त्यांची लेक आली. ती आमच्याच आवारातल्या चाचणी विभागात इंजिनिअर. हुद्द्याने बापापेक्षा मोठी, त्यामुळे घरी ‘अगं’ आणि इथे मुद्दाम ‘साहेब’. दोघांनी एका रिकाम्या खोक्यावर डबा उघडला. मालकांच्या चष्म्याची काडी बारीक तारेने बांधलेली होती. लेकीने त्यावरून त्यांना धारेवर धरलं. असा भाग कुणी दारात आणला असता तर तुम्ही त्याला उभं तरी केलं असतं का, असं तिने विचारलं. चष्म्याची मुदत अजून संपलेली नाही, असं मालक म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले. संध्याकाळी ती निरोप घ्यायला डोकावली, तेव्हा त्यांनी तिला पुढे व्हायला सांगितलं. दिवे मालवून मी येतोच, म्हणाले.

दिवे त्यांनी मालवले. हातमोजे नेहमीप्रमाणे स्टुलावर ठेवले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. रात्री झोपेतच त्यांचं हृदय थांबलं, हे मला सकाळी मेकॅनिकांच्या बोलण्यातून कळलं. स्टोअरमध्ये त्या दिवशी कुणी काही मागितलं नाही.

आता थोडं माझ्याविषयी. मी कोण आहे हे कळल्याशिवाय पुढचं तुम्हाला नीट समजायचं नाही.

आमचं हेलिकॉप्टर उचलण्यासाठीच जन्माला आलं. माणसं नेणारी हेलिकॉप्टरं पुष्कळ आहेत, पण रस्ता करायचं यंत्र दोरांना लटकवून डोंगरापलीकडे नेऊन ठेवणारं आमच्यासारखं क्वचितच. त्याच्या डोक्यावरचा प्रचंड पंखा फिरायला लागला, की खालचं धड उलट्या दिशेने गरगरायला बघतं. त्याला सरळ धरायचं काम शेपटीवरचा छोटा पंखा करतो, आणि त्या पंख्याला फिरवतो मी. पुढच्या इंजिनांची ताकद लांबलचक शाफ्टवरून माझ्यापर्यंत येते. मी ती काटकोनात वळवून पंख्याच्या हाती देतो. मी हात वर केले, तर वैमानिक कितीही हुशार असो, भोवऱ्यासारखा फिरेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझं बाहेरचं अंग हलक्या धातूचं ओतलेलं आहे आणि आतली दोन दातेरी चाकं कसदार पोलादाची आहेत. ती दोन चाकं आधी एकमेकांवर घासून बसवतात, दाताला दात जुळेपर्यंत. एकदा जुळली की ती जन्माची जोडी. पुढे त्यातलं एक खराब झालं, तर दुसरं कितीही चांगलं असलं तरी तेही बाद करतात, कारण नव्याशी ते जुळवून घेत नाही. मला बनवणाऱ्या कारागिराने शेवटी माझा शाफ्ट बोटाने फिरवून पाहिला आणि कान लावला. आवाज आला नाही. त्याला तेच हवं होतं.

मग मी बरीच वर्षं उडालो. मी लोखंडी पुलाच्या तुळया उचलल्या, पाण्याच्या टाक्या उचलल्या, चिखलात रुतलेले ट्रक उपटून काढले. एकदा तर आमच्याच जातीचं एक जखमी हेलिकॉप्टर आम्ही पोटाखाली बांधून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठा फोटो आला. मोठा पंखा होता, वैमानिक होते, लटकणारा भाऊही होता. शेपटी मात्र चौकटीत मावली नव्हती. मी मनाला लावून घेतलं नाही. आपण नसतो तर हा फोटोच निघाला नसता, हे ज्याला माहीत असतं, त्याला फोटोत असण्याची घाई नसते.

आमच्यातल्या प्रत्येक भागाला उडण्याच्या तासांची मुदत असते. अर्धी मुदत उलटल्यावर मला उतरवलं, पूर्ण खोललं, धुतलं, तपासलं, पुन्हा जोडलं आणि अडीअडचणीसाठी सुटा भाग म्हणून या स्टोअरमध्ये ठेवलं. पुढे कारखान्याने आमच्या जातीची हेलिकॉप्टरं बनवणं बंद केलं. माझ्यासोबतचे सुटे गिअरबॉक्स एकेक करून कामावर गेले आणि शेवटी मी एकटाच उरलो. मालक मला डोळ्यांत तेल घालून सांभाळायचे, ते यामुळे.

ते गेल्यावर मात्र जे झालं, ते फक्त आमच्या स्टोअरमध्येच होऊ शकलं असतं.

आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवणारा एक जण आहे. अंगाने काडी, म्हणून त्याचं नाव ‘पैलवान’. मालकांवर त्याचा फार जीव. मालकांच्या कोपऱ्याला कुणी हात लावू नये, असं त्याला वाटलं. स्टूल तसंच ठेवलं, स्टुलावरचे हातमोजे तसेच ठेवले. माझ्या अंगावर त्याने स्वच्छ धुतलेलं कापड घातलं आणि त्यावर एक लाल पाटी अडकवली. पाटीवर लिहिलेलं होतं, ‘हात लावू नये’. त्याने ती मानाने लावली होती. पण आमच्या स्टोअरमध्ये लाल पाटीचा अर्थ ठरलेला आहे. हा भाग सदोष आहे किंवा त्याच्याविषयी शंका आहे, असा. पैलवानाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्या हाताशी ‘हात लावू नये’ म्हणणारी दुसरी पाटीच नव्हती.

आणि मित्रांनो, खरोखरच कुणी हात लावला नाही. माझ्याजवळून जाताना माणसं आवाज खाली आणायची. कुणी क्षणभर थांबायचं. मंगळवार यायचे आणि जायचे. माझ्या आतलं तेल खाली उतरत होतं आणि बाहेर सगळे माझा आदर करत होते.

लेकीचं तर वेगळंच. मालकांची जागा अजून भरली नव्हती, म्हणून तिथला फोन तिच्या टेबलावर वळवला होता. दूरदूरच्या तळांवरून फोन यायचे. मालक आहेत का, असं पलीकडचे लोक विचारायचे.

“बाबा जागेवर नाहीत,” ती म्हणायची. “काय हवंय, बोला.”

ते सांगायचे, ती भाग शोधून पाठवायची. मालकांना आमचा नमस्कार सांगा, असं ते म्हणाले तर ती ‘सांगते’ म्हणायची. कधी कधी ती फोन घ्यायला माझ्या कोपऱ्यातच येऊन उभी राहायची, आणि स्टुलाकडे पाहत हेच बोलायची. तिचं वाक्य तसं खोटं नव्हतं. जागा रिकामीच होती. स्टोअरमध्ये सगळ्यांना ते ऐकू जायचं, पण तिला टोकायची कुणाची छाती झाली नाही. घरी आईसमोर, नातेवाइकांसमोरही ती ‘गेले’ हा एक शब्द टाळते आणि दुसऱ्या कुणी तो काढला तर तेवढ्यापुरती खोलीतून उठून जाते, असं पैलवान एकदा मेकॅनिकाला सांगत होता. ती रडत नव्हती. कामात चुकत नव्हती. फक्त तेवढं एक वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडत नव्हतं.

पावसाळा सरला. पुरात एका नदीवरचा पूल वाहून गेला होता आणि पलीकडची वस्ती तुटली होती. नव्या पुलाच्या तुळया काठावर येऊन पडल्या होत्या. त्या जागेवर नेऊन ठेवायला आमच्या जातीचं एक हेलिकॉप्टर गेलं आणि तिथेच अडकून बसलं. त्याच्या शेपटीच्या गिअरबॉक्समध्ये एक लोहचुंबक असतो. आत काही झिजलं तर लोखंडाचा चुरा त्याला चिकटतो. उघडून पाहिलं तर चुंबक दाढी वाढल्यासारखा दिसत होता. त्यांनी आमच्याकडे सुटा गिअरबॉक्स मागितला.

स्टोअर तात्पुरतं सांभाळायला एक नवा कारकून आला होता. तो सगळ्या मांडण्यांवरून फिरला. माझ्यावरची लाल पाटी त्याने लांबूनच पाहिली आणि पुढे गेला. त्याचं काहीच चुकलं नाही. त्याने उत्तर पाठवलं, की वापरण्याजोगा गिअरबॉक्स शिल्लक नाही.

लेकीला हे चहाच्या वेळी सहज बोलता बोलता कळलं. कप तिने तसाच खाली ठेवला.

तिच्या मनात काय चाललं होतं ते मला पुरतं समजत होतं. ‘नाही’ असं उत्तर गेलेलंच होतं. ती गप्प राहिली असती, तर तिला कुणी दोष दिला नसता आणि कोपरा जसाच्या तसा राहिला असता. तिने तोंड उघडलं, तर मला तपासावं लागणार होतं. मी खराब निघालो, तर मागच्या आवारात करवतीने माझे दोन तुकडे करणार होते, कारण बाद झालेला भाग चुकूनही कुणी पुन्हा बसवू नये म्हणून तो कापावाच लागतो. चांगला निघालो, तर मी निघून जाणार होतो. काहीही झालं तरी कोपरा रिकामा होणार होता आणि तो तिच्याच हाताने होणार होता.

ती उठली आणि माझ्याकडे आली. पैलवान आडवा आला.

“ताई, राहू दे ना. मालकांची वस्तू आहे ती.”

“मालकांची नव्हतीच कधी, पैलवान,” ती म्हणाली. “हेलिकॉप्टरची आहे. बाबांनी नुसती सांभाळली.”

तिने पाटी काढली. कापडाची घडी घातली. मग स्टुलावरचे हातमोजे उचलून पैलवानाच्या हातात दिले आणि त्याला कोमट तेल आणायला पाठवलं. तिच्या हाताला ते मोजे फार मोठे झाले असते, आणि कदाचित तेवढंच कारण नसेल.

इतके महिने न फिरलेल्या गिअरबॉक्सला एकदम जोर लावायचा नसतो. तिने जुनं तेल काढून नवं भरलं आणि ते रात्रभर मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाफ्टला पाना लावला. मी हललो नाही. खरं सांगतो, मला हलायचं होतं, पण अंग आखडलं होतं. तिने पाना सोडला, श्वास घेतला आणि मला आधी उलट्या बाजूला किंचित ढकललं. मग पुढे ओढलं. आत काहीतरी सुटलं आणि मी फिरलो, सुरुवातीला कुरकुरत, मग नीट. पैलवानाने तोंड फिरवलं आणि उगाचच फोर्कलिफ्टची काच पुसायला लागला.

मग तिने नळीच्या टोकावरचा छोटा कॅमेरा माझ्या पोटात घातला. पडद्यावर एकेक दात सरकू लागला. एका दातावर तपकिरी डाग दिसला आणि तिचा हात थांबला. दाताला गंज चढला असेल, तर ती जोडीच बाद, आणि जोडी गेली की मी गेलो. तिने तारेला फडकं गुंडाळून तो डाग पुसला. पुन्हा पाहिलं. डाग फडक्यावर आला होता. वाळलेलं तेल होतं ते. मालकांनी इतकी वर्षं केलेली निगा आतपर्यंत टिकली होती.

मी मात्र अगदी सहीसलामत सुटलो, असं म्हणणार नाही. खालच्या बाजूचं रबरी सील एकाच अंगावर दबून कडक झालं होतं आणि तिथून तेल पाझरत होतं. नवं सील मांडणीवर होतं. नव्या कारकुनाने ते एका शब्दाने न विचारता काढून दिलं, तेव्हा लेकीने त्याला शांतपणे सांगितलं, की एवढ्या सहज कुणाला काही देत जाऊ नकोस, निदान जुनं तरी मागत जा. पैलवान हसला. त्या स्टोअरमध्ये बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं.

शेवटी मला चाचणीच्या यंत्रावर चढवलं. दिवसभर मला पूर्ण वेगाने पळवलं, भार टाकून पळवलं, थांबवून पुन्हा पळवलं. ती कानाला संरक्षक लावून काचेपलीकडे उभी होती आणि तिची नजर काट्यांवरून हलली नाही. संध्याकाळी माझा चुंबक काढून पाहिला. नव्या नाण्यासारखा लख्ख होता. तिने त्यावरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं आणि माझ्या अंगावर हिरवी पाटी लावली. मला त्या पाटीचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा जखमी भावाला घरी आणलं तेव्हाही वाटला नव्हता.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या गेलेल्या माणसाची वस्तू असेल. घड्याळ असेल, सायकल असेल, शिवणयंत्र असेल. तिच्यावर कापड घालून ठेवावंसं वाटतं, मी समजू शकतो. पण कापडाखालची वस्तू आतून सुकत असते, आणि आदर करणाऱ्यांना ते बाहेरून दिसत नाही. तिला हात लावा. घड्याळाला किल्ली द्या, सायकलवर बसा, यंत्रात दोरा ओवा. ज्याने ती सांभाळली, त्याने ती चालावी म्हणूनच सांभाळली होती. आणि तुमच्या हातून ती पुढे कुणाच्या कामाला गेली, तर जाऊ द्या.

गिअरबॉक्स तयार असल्याचं तिने कळवल्यावर मला न्यायला आला तो त्या अडकलेल्या हेलिकॉप्टरचा फ्लाइट इंजिनिअर. पिकल्या मिशांचा, धुळीने माखलेला, रात्रभर ट्रकमध्ये बसून आलेला माणूस. मालकांशी त्याचं फोनवरचं भांडण फार जुनं होतं, आणि त्याच भांडणातून दोघांची मैत्री झालेली. या काही महिन्यांतही त्याने कितीदा तरी फोन केले होते. लेक त्याला काका म्हणायची.

पैलवानाने मला फोर्कलिफ्टवर घेतलं. इंजिन धडधडत होतं. काकांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, हिरवी पाटी वाचली, माझ्या अंगावर थाप मारली आणि बरा राखलाय गडी, असं म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

“मालकांना बोलवा की,” त्यांनी आवाज चढवून सांगितलं. “चार गोष्टी ऐकवल्याशिवाय ते माल सोडत नाहीत, आणि ऐकल्याशिवाय मलाही न्यावासा वाटत नाही.”

फोनवरचं ते सवयीचं वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं. उंचावर होतो, मला तिचा चेहरा नीट दिसत होता. तिने ओठ मिटून घेतले. काकांना वाटलं, इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. पैलवानाने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मेकॅनिक होते, कारकून होता, सगळे हातातलं काम सोडून उभे राहिले. तिने काकांकडे सरळ पाहिलं आणि सगळ्या स्टोअरला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात सांगितलं,

“काका, बाबा वारले. उन्हाळ्यातच वारले. तुम्ही फोन करत होतात ना, तेव्हाही ते नव्हते.”